खुंटी ओढून बघणारी सूनबाई

आमची सूनबाई काम काय करते, हे मला नीट सांगता यायला लागलं त्याला फार दिवस झाले नाहीत. आधी कुणी विचारलं की मी म्हणायचो, "दवाखान्याच्या कामात आहे." मग पुढचा प्रश्न ठरलेला, नर्स की डॉक्टर? मी म्हणायचो, दोन्हीच्या मधलं काहीतरी. न्हाव्याच्या खुर्चीत बसून एकदा असंच बोलून गेलो, तर संध्याकाळी कोपऱ्यावरचे घड्याळवाले काठी टेकत गुडघा दाखवायला हजर. सूनबाईनं गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या काठीच्या टोकाचं रबर चिमटीत धरून ओढलं आणि म्हणाली, "काका, हे निघणार आहे. बदलून घ्या." घड्याळवाले नाराज होऊन गेले. जिना उतरताना रबर निघालं. तेव्हापासून ते तिला डॉक्टरच म्हणतात, आणि मीही दुरुस्त करायचं सोडून दिलं.

तर तिचं काम म्हणजे ओढणं. दिवसभर ती वस्तू ओढते आणि त्या केव्हा सुटतात, कशा सुटतात, ते बघते. कुठल्या वस्तू, ते सांगतो. थोडं शरीरशास्त्र येईल, पण घाबरू नका, मलाही तेवढंच येतं. आमच्या गावच्या शाळेत खोली एक आणि इयत्ता चार होत्या. मास्तर एका इयत्तेला बेरीज शिकवायचे ती चारही इयत्तांना ऐकू जायची, त्यामुळे माझी बेरीज चौपट पक्की आहे. बाकीच्या विषयांचं विचारू नका.

कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाजूचा हाडाचा जो उंचवटा गादीला टेकतो, त्याला वरून येणारे स्नायू एका चिवट पट्ट्यानं चिकटलेले असतात. डॉक्टर त्या पट्ट्याला टेंडन म्हणतात. वय झालं की कुणाकुणाचा हा पट्टा हाडावरून उसवतो. मग तो परत हाडाला बांधायचा. पण हाडाला दोरा बांधणार कशाला? म्हणून हाडात एक खुंटी बसवतात, पेन्सिलीच्या टोकाएवढी, तिला दोरे लावलेलेच असतात. त्या दोऱ्यांनी पट्टा ओढून हाडावर घट्ट बसवायचा. हे सगळं दोन-चार बारीक छिद्रांतून, आत कॅमेरा घालून. डॉक्टर तिला अँकर म्हणतात. आमच्या घरात खुंटीच म्हणतात, कारण नाव मी ठेवलं. मी जन्मभर लोकांची घरं रंगवली. भिंतीतल्या खुंट्यांशी माझी जुनी ओळख आहे. एखादी हलत असली की आम्ही तिच्या बुडाशी रंगाचा जाड थर द्यायचो आणि पैसे मिळेपर्यंत तिच्यावर कुणी काही टांगू नये अशी प्रार्थना करायचो. हे मी सूनबाईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "किती थर?" म्हणाली.

अशी ती. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे जे बेकरीत पाव भाजतात त्यांनी, तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा बसायच्या आधी तिनं खुर्चीची पाठ धरून हलवून बघितली. मग आमच्या हिला विचारलं, "ही खुर्ची बसून कधी मोडली होती का?" आमची ही अंगानं भरलेली. तिनं ते स्वतःवर घेतलं. आठ-दहा दिवस घरात त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. पुढे कळलं की खुर्चीचा एक पाय कधीतरी जोडलेला होता, आणि तो सांधा नवीन पायापेक्षा मजबूत झाला होता. पोरगी चक्क कौतुक करत होती. तिचं कौतुक ओळखायला शिकावं लागतं. जेवण कसं झालं विचारलं तर म्हणते, "अजून तरी तक्रार नाही." चिरंजीव नवा पाव घेऊन येतात, ती तो हातानं फाडते, आतली जाळी उजेडात धरते आणि म्हणते, "तुटला चांगला." त्यावर आमचा मुलगा दिवसभर शीळ घालत फिरतो.

आमच्या हिला मात्र हे पटायचं नाही. "पोरगी गुणाची आहे हो," ती मला म्हणायची, "पण कोरडी आहे. शब्द मोजून देते, जसे काही सुटे पैसे." हे कोण म्हणतंय, तर जी उभा जन्म बसमध्ये कंडक्टर होती. बस वळणावर झुकायची तेव्हा माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची, आणि ही मधोमध दोन पाय रोवून, कशालाही न धरता, तिकिटं फाडत असायची. मी तिला पहिल्यांदा बघितली ती तशीच. मी रंगाचा डबा घेऊन चढलो होतो. "डबा खाली ठेवा आणि पुढे सरका," म्हणाली. आजतागायत सरकतोय.

आता हिचाच खुबा असा उसवला, तर काय झालं बघा. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. जिना चढताना कंबर एका बाजूला कलू लागली. आणि बसची पायरी तर संपलीच. ती पायरी उंच असते, एक पाय वर ठेवून सगळं वजन त्याच्यावर घ्यावं लागतं. एकदा नवा कंडक्टर, कोवळा मुलगा, वाकून हात पुढे करून म्हणाला, "या आजी." ही तशीच मागे फिरली. घरी येऊन मला म्हणाली, "जन्मभर मी लोकांना हात देऊन वर घेतलं. आता मला कुणी ओढायचं नाही." त्यानंतर बस बंद. बसच्या शेवटच्या थांब्यावर तिची धाकटी बहीण राहते. दर आठवड्याला दोघी बसून जगाची उणीदुणी काढायच्या. ते फोनवर आलं. फोनवर भांडायला मजा येत नाही, मध्येच चहा करायला उठता येत नाही, असं तिचं म्हणणं.

शेवटी सर्जनबाईंकडे नेलं. बाई चुणचुणीत होत्या. हिला म्हणाल्या, "नुसत्या दुखऱ्या पायावर उभ्या राहा." ही उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली घसरली, तराजूचं पारडं घसरावं तशी. फोटो बघून म्हणाल्या, "बांधायला लागेल. हाड जरा मऊ झालंय. मला वाटतं दोऱ्याचा अँकर बरा, त्याला भोक लहान पुरतं. पण तीन प्रकारांची तुलना आम्ही करून घेतोय, ती हातात येऊ दे."

"तुलना कोण करतंय?" हिनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

सूनबाई मागे पिशवी घेऊन उभी होती. तिनं सांगितलं, आमच्याच लॅबमध्ये चाललीय. सर्जनबाईंनी भुवया उचलल्या. "कुठला कुठे आहे ते झाकलेलं असतं ना?"

"झाकलेलं असतं," सूनबाई म्हणाली.

"मग हरकत नाही."

आमच्या हिनं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "ही जी सांगेल ती खुंटी. ही सांगत नाही तोवर मी टेबलावर चढणार नाही." सर्जनबाई हसल्या. त्यांना वाटलं गंमत आहे. ज्या बाईनं एकदा भरली बस वाटेत थांबवून, एका फुकट्या प्रवाशासाठी अर्धा तास सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवलं होतं, तिची गंमत त्यांना अजून ठाऊक नव्हती.

त्या तीन खुंट्या मला सूनबाईनं जेवणाच्या टेबलावर समजावल्या होत्या. एक धातूची, स्क्रूसारखी आट्यांची. एक प्लास्टिकसारख्या कशाची तरी, ती म्हणे हळूहळू हाडात जिरते. आणि तिसरी नुसत्या दोऱ्याची. तिच्यात कडक काहीच नाही. विणलेली बारीक पट्टी भोकात घालायची आणि दोरा ओढायचा, की पट्टी आत चुण्या होऊन गोळा होते आणि अडकते. मी म्हणालो, "म्हणजे पायजम्याच्या नाडीची गाठ नेफ्यात अडकून बसते तशी." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बाबा, हे मी ऑफिसात सांगेन." मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

ती चष्मा विसरली म्हणून मी एकदा लॅबमध्ये पोचवायला गेलो होतो. मला वाटलं होतं पांढऱ्या भिंती, शांतता. भिंती पांढऱ्या होत्या, पण रंग हलक्या हातानं दिलेला, कोपऱ्यात ब्रशचे फराटे. मधोमध दोन पोलादी खांबांचं यंत्र. खाली पकडीत हाडासारख्या फोमचा ठोकळा, त्यात खुंटी बसवलेली, वर काळी चिकटपट्टी, म्हणजे कुठली आहे ते दिसू नये. दोरे वरच्या जबड्यात. खुंटी बसवायचं काम तिच्या जोडीदाराचं, त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. बसवणारा वेगळा, बघणारी वेगळी, हा तिथला नियम. यंत्र आधी हळूहळू ओढायचं आणि सोडायचं, ओढायचं आणि सोडायचं, माणसाच्या चालण्यानं खुब्यावर येतो तसा ताण. मग एकदाच सरळ वर. टक असा आवाज झाला आणि मी दोन पावलं मागे. चष्मेवाला म्हणाला, "आजोबा, ते तुमच्यावर नाही येत."

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"इथं कुणी जिंकत नाही बाबा," सूनबाई म्हणाली. "कोण किती सरकलं आणि केव्हा सोडलं, एवढंच."

किती ओढलं ते यंत्र सांगतं. पण खुंटी नेमकी कुठे सरकू लागली, ते पडद्यावर चित्र मोठं करून, एक रेघ सरकवत डोळ्यांनी ठरवायचं. ते तिचं काम. डोळ्यांत तेल घालून ती ते करत होती, आणि मी खुर्चीवर बसून पाहत होतो. चष्मेवाल्यानं मला बिस्किटं दिली. मला फार आवडली ती जागा.

घरी मात्र रोज संध्याकाळी एकच चौकशी.

"काय गं, कोण पुढे आहे?"

"आई, मी सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाहीस की सांगत नाहीस?"

"दोन्ही."

"बघा," ही माझ्याकडे वळून म्हणायची, "कोरडी."

आणि एके दिवशी सूनबाई जेवायला बसली ती ताटाकडे बघतच राहिली. चिरंजीवांनी पाव पुढे केला. तिनं फाडला नाही, तसाच ठेवला. तेव्हाच मी ओळखलं काहीतरी बिनसलंय.

"मी त्या कामातून बाजूला झाले," ती म्हणाली. "माझे आकडे रद्द करायला सांगितले. आता दुसरं कुणी ओढतानाच्या सगळ्या चित्रफिती पहिल्यापासून बघेल."

झालं होतं असं. त्यांच्याकडे प्रत्येक फीत दोघांनी वेगवेगळी बघायची पद्धत आहे, एक सूनबाई आणि एक तिथल्याच दुसऱ्या बाई. दोघींच्या रेघा नेहमी सख्ख्या बहिणींसारख्या जुळायच्या. यावेळी दोन खुंट्यांच्या जुळल्या, तिसरीच्या जुळेनात. दोऱ्याच्या खुंटीचं वैशिष्ट्य असं की ताण आला की ती आधी किंचित वर येते, आत दाबून बसते, आणि मग धरते. चिकटपट्टी लावली तरी ज्यानं रोज बघितलंय त्याला त्या हालचालीवरून ती ओळखू येते. सूनबाईलाही येत होती. आणि तेवढं किंचित वर येणं ती मोजतच नव्हती. हे काही सरकणं नव्हे, असं म्हणून रेघ पुढे न्यायची. इतर दोन खुंट्यांना मात्र तेवढ्याच सरकण्याला माफी नव्हती.

"मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "मला कळलंच नाही. पण झालं माझ्याच हातून. मी आधीच सांगायला हवं होतं की मी ओळखू शकते."

आमची ही घास हातात धरून ऐकत होती. "म्हणजे आता मला सांगणार कोण?" ती म्हणाली. "एवढे दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलेय."

"मी नाही सांगू शकणार आई. आता तर अजिबातच नाही."

"पण तू इतकी वर्षं हेच करतेस. आजवर कधी अशी चुकली नाहीस. मग आत्ताच का?"

सूनबाईनं पाण्याचा पेला इकडचा तिकडे केला.

चिरंजीव पाव कापत होते. मान वर न करता म्हणाले, "आई, सर्जनबाईंनी तुला कुठली खुंटी बसवते म्हणून सांगितलं होतं?"

  हिनं घास परत ताटात ठेवला. सूनबाईकडे बघितलं, पण फोटो काढायच्या आधी माणसाला नीट बघतात तसं. सूनबाईचे कान लाल झाले होते. "भात वाढू का?" ही तिला म्हणाली. एरवी आमच्या घरी ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं असतं.

रात्री मी दिवा घालवला तेव्हा ही म्हणाली, "अहो, पोरीनं माझ्यासाठी डोळा मिटला." मी म्हणालो, "आणि मग स्वतःच जाऊन सांगितलं." ती म्हणाली, "तेही." आणि भलत्याच कुशीवर वळली, ओरडली, परत वळली.

नवी तुलना हातात आल्यावर सर्जनबाईंनी बोलावलं. आम्ही सगळेच गेलो, चिरंजीव बेकरीतून पिठाच्या हातांनी. बाईंनी कागद उलटा ठेवला आणि सरळ बोलल्या. तीनही खुंट्या चालण्याच्या ताणापेक्षा बऱ्याच जास्त ओढीला टिकल्या. दोऱ्याची जराशी जास्त सरकते, धातूची कमी, पण फरक थोडा. खरी गोष्ट वेगळीच निघाली. खाटकाकडून आणलेल्या मेंढीच्या टेंडनला बांधून ओढलं, तेव्हा बहुतेक वेळा खुंटी जागेवरच राहिली, दोरा पट्ट्याला कापत बाहेर आला. "म्हणजे खुंटीइतकंच महत्त्वाचं," बाई म्हणाल्या, "की पट्टा हाडाला चिकटेपर्यंत तुम्ही त्याच्यावर वजन टाकायचं नाही. कुबड्या. कित्येक आठवडे. हे जमेल का, ते मला आधी सांगा."

त्यांना वाटत होतं, प्रश्न साधा आहे. आमच्या घरात हिला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे वाऱ्याला कोनाड्यात बसवणं.

ही सूनबाईकडे वळली. "तू काय म्हणतेस?"

"आई, मी बोलणार नाही. मी तुमच्या बाजूची आहे."

"तेच ऐकायचं होतं," ही म्हणाली, आणि सर्जनबाईंना सांगितलं, "दोऱ्याचीच बसवा."

"आई, हे कारण होत नाही," सूनबाई कळवळून म्हणाली. "मी ज्या खुंटीच्या बाबतीत चुकले तीच तुम्ही..."

"खुंटीचं मला काय कळतंय? डॉक्टर म्हणतात तिन्ही चालतील, त्यांना दोऱ्याची बरी वाटते. ते त्यांचं काम. मला एवढं कळलं की ती निसटू नये म्हणून घरात कुणाचा तरी जीव टांगणीला होता. मग मी कुबड्या घेऊन बसून राहीन. जमेल."

सर्जनबाईंनी सूनबाईला विचारलं, "या घरी अशाच असतात?" सूनबाई म्हणाली, "अजून तरी बदल नाही."

ऑपरेशन झालं. छिद्रं इतकी बारीक की हिची निराशा झाली. एवढ्या गाजावाजाला साजेसा व्रण हवा होता तिला, बहिणीला दाखवायला. आणि मग जे सुरू झालं ते खरं काम. सूनबाईनं घरातला प्रत्येक गालिचा गुंडाळून ठेवला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, आणि बसवल्यावर त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. मी भोकं बुजवून वर रंग दिला, एकच थर, तिच्या देखरेखीखाली. ही कुबड्यांवर. एकदा मी पाहिलं, स्वयंपाकघरात कुणी नाहीसं बघून हिनं दुखरा पाय अलगद खाली टेकवला. मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच उचलला. "बघत असेल कुठूनतरी," म्हणाली. सूनबाई तेव्हा लॅबमध्ये होती, कुठल्यातरी गुडघ्याच्या खुंट्या ओढत.

दोघींचं जुळलं ते असं. ही बसून बोलायची, ती व्यायाम करून घ्यायची. हिनं तिला बसमधले किस्से सांगितले, जे मी इतक्यांदा ऐकलेत की मध्येच चुकली तर मी सुधारतो. सूनबाई ऐकताना विचारायची, "मग तो दांडा निघाला का?" "कुठला दांडा?" "बसमधला, ज्याला त्या सगळ्या बायका लोंबकळत होत्या." हिला आधी राग यायचा. मग ती स्वतःच किस्स्यात दांडे, कड्या, पट्टे घालायला लागली. किस्से सुधारले, हे मला कबूल करावं लागेल.

कुबड्या गेल्या, काठी आली, काठीही गेली. सर्जनबाईंनी परत एका पायावर उभं केलं. कंबर हलली नाही. त्यांनी खूश होऊन आणखी थोडा वेळ उभं राहायला सांगितलं, तर ही म्हणाली, "बाई, मी उभा जन्म उभीच होते, तुम्हाला कंटाळा येईल."

मग आम्ही तिघं थांब्यावर गेलो. सूनबाईनं रजा घेतली होती, कशासाठी ते ऑफिसात सांगितलं नव्हतं. बस आली. तोच कोवळा कंडक्टर दारात. त्यानं हिला ओळखलं, हात पुढे करणार एवढ्यात हिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो हात केसांतून फिरवला. हिनं चांगला पाय जमिनीवर ठेवला आणि बांधलेला वर पायरीवर. मी म्हणालो, "अगं, दुसरा आधी," पण ऐकते कोण. सूनबाई मागे उभी, दोन्ही तळवे हिच्या कमरेपासून वीतभर दूर, स्पर्श न करता. मी तिचा चेहरा बघितला. लॅबमध्ये पडद्याकडे बघते तसाच, फक्त ओठ घट्ट मिटलेले.

ही वर गेली. एका दमात, कशालाही न धरता. आत उभी राहून लगेच म्हणाली, "दारात गर्दी करू नका, मागे जागा आहे, सरका." आणि लोक खरंच सरकले. कंडक्टरसुद्धा सरकला.

सूनबाई खालीच राहिली होती. तिनं हात खिशात घातले, परत बाहेर काढले, चष्मा पुसला. मी म्हणालो, "चल गं, बस जाईल." तेव्हा ती चढली. आत हिनं खिडकीजवळची एक जागा धरून तिच्या शेजारी पिशवी ठेवली होती. मला वाटलं माझ्यासाठी. पिशवी उचलून तिनं सूनबाईला बसवलं, आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगायला सुरुवात केली, "ही माझी सून. माझ्या खुब्यात आहे ना, ती खुंटी हिनं आधी ओढून बघितलीय."

"आई, ती नाही, तसली दुसरी," सूनबाई म्हणाली.

"तेच ते," ही म्हणाली. मी दांडा धरून उभा राहिलो, शेवटच्या थांब्यापर्यंत.